सांगितला तो भाव
संध्याने पिशवीतून मूठभर शेंगा काढल्या आणि मुनियम्माच्या ढिगावर परत ठेवल्या.

"ज्यादा हो गया," ती हिंदीत म्हणाली आणि गोड हसली.

मुनियम्माला हिंदी येत नव्हती, पण परत आलेली मूठ कळली. तिचं तोंड उतरलं. अवरेकाईचा, म्हणजे आपल्या पावट्याचा, भाव तिने बारा रुपये सांगितला होता तो आठाला देण्यासाठीच. बंगळुराजवळच्या येलहंक्याच्या संतेत, इथल्या आठवडी बाजारात, बारा म्हटलं की गिऱ्हाईक सहा म्हणतं, मग एकमेकींच्या सुनांची चौकशी होते, आणि अखेर दोघी आठावर येतात. ही पुण्याची बाई मारुतीतून उतरली काय, बारा रुपये देऊन मोकळी झाली काय! वरचे चार रुपये मुनियम्माला पचेनात, म्हणून तिने मूठभर शेंगा पिशवीत जास्तीच्या टाकल्या होत्या. तर त्याही परत.

मागे उभ्या असलेल्या नीरजाबाईंना राहवलं नाही.

"घ्या हो त्या शेंगा. इथं कोसरू म्हणतात त्याला. वरचं असतंय, परत नाही करायचं."

"अय्या, तुम्ही मराठी?"

"साडेतीनशे वर्षं झाली की आम्ही इथं येऊन."

नीरजाबाईंचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आलं होतं. ते घोड्यावरून आलं असं त्या सांगत, पण हल्ली येणंजाणं बसनेच होतं. यजमान सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते.

संध्याने शेंगा उचलून पिशवीत टाकल्या, पण तिला ते पटलं नव्हतं.

"मला बाई घासाघीस जमतच नाही. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देतो आपण, आणि या बिचाऱ्यांशी दोन रुपयांसाठी भांडायचं? फार चीप वाटतं ते. नाही का?"

"खरं आहे," नीरजाबाई म्हणाल्या. सव्वीस वर्षं दर रविवारी इथे बसून त्यांनी तेच केलं होतं.

"तुमचं घेऊन होऊ दे. मी थांबते, घरी सोडते तुम्हाला," संध्या म्हणाली आणि खरोखरच किल्ली हातात घेऊन शेजारी उभी राहिली. पोरगी मनाने चांगली होती, हीच पंचाईत.

मुनियम्माने एव्हाना बसायला गोणपाट पुढे सरकवलं होतं. पदर खोचून ती तयार झाली.

"हन्नेरडु रुपाय, अक्का," तिने बारा रुपये भाव सांगितला. डोळ्यांत हसू होतं.

नीरजाबाई बसल्या नाहीत.

"दोन किलो दे," त्या कानडीत हळूच म्हणाल्या. लेकजावई हुबळीहून यायचे होते. कमी घेऊन भागणार नव्हतं. त्यांनी चोवीस रुपये मोजून पुढे केले. तेवढ्या पैशांपायी आज नारळ घ्यायचा राहिला असता, पण आपल्याच भाषेतल्या पोरीसमोर तोंड तरी राहिलं असतं.

मुनियम्माचा हात तराजूवरच थांबला. तिने पैसे घेतले नाहीत.

"गेल्या वारी दिलेली काकडी कडू निघाली का, अक्का?"

"नाही गं."

"मग तुझ्या थोरल्या मुलीच्या बाळाच्या बारशाला नाही आले, म्हणून राग?"

"तसं काही नाही. घाई आहे आज."

मुनियम्मा खाली बघत शेंगांचा ढीग उगाच सारखा करू लागली.

"पुढच्या वारापासून दुसरीकडे घेणार असशील, तर तसं सांग."

नीरजाबाईंचे कान तापले. चोवीस रुपये देऊन आपण हिला परकं करून टाकलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. मोटारवाले सगळे या बाईशी असंच वागत होते, आणि आता आपणही.

"काय म्हणतेय ती?" संध्याने विचारलं.

"भाव फार सांगतीय," नीरजाबाई म्हणाल्या. त्यांनी पैसे कमरेला खोचले, गोणपाटावर ऐसपैस मांडी घातली आणि शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आरु!"

"सहा?" मुनियम्माने कपाळावर हात मारून घेतला. "सहाला देऊन माझ्या पोरांनी काय माती खायची?"

आणि तिने तराजू बाजूला ठेवला, कारण आता वेळ लागणार होता.