यासुओने पेरलेल्या शेंगा

"अहो कुवाबारासान, सरका तुम्ही. पेटी मी उचलते," असं म्हणत हामानोसाननी टेम्पोतली पेटी ओढली आणि तिथेच कंबर धरून उभ्या राहिल्या.

"राहू द्या हो. तुमची कंबर मोडली तर कोबी कोण खाणार?" तोमिए कुवाबारा म्हणाली. दोघी हसल्या, पण हसू लगेच विरलं.

हंगामातली पहिली पेटी होती. नवे कांदे, पांढरे सलगम, अळीने जाळी केलेला कोबी आणि वर सोरामामेच्या, म्हणजे बाकल्याच्या, जाड शेंगा. वसाहतीच्या सायकल-स्टँडपाशी दरवर्षीसारख्याच बायका जमल्या होत्या. पूर्वी याच बायका कडेवर पोरं घेऊन तोमिएच्या गावी आल्या होत्या. औषध न मारलेली भाजी पिकवा, किडकी निघाली तरी आम्ही घेऊ, असं त्यांनी तिच्या नवऱ्याला, यासुओला, सांगितलं होतं, आणि शब्द पाळलाही होता. एका साली गारांनी सगळं झोडपलं, तेव्हा हिवाळाभर भोपळाच खाल्ला त्यांनी. उन्हाळ्यात तण काढायला यायच्या. आता कुणाचे गुडघे गेले होते, कुणाचा नवरा. बऱ्याच घरी खाणारं तोंड एकच उरलं होतं.

यासुओ थंडीत गेला. कांद्याच्या वाफ्यात बसला तो उठलाच नाही. शेंगांचं बी त्यानेच पानगळीत टोचलं होतं. शेंग आभाळाकडे बघते तोवर हात लावायचा नाही, खाली वळली की तोडायची, हे तो दर साली नव्याने सांगायचा आणि तोमिए वैतागायची. आज पहाटे ती एकटीच ओळीतून फिरली. शेंगा सगळ्या खाली वळल्या होत्या.

"एक सांगायचंय," पेट्या उतरवून झाल्यावर ती म्हणाली. "त्यांनी जेवढं पेरलंय, तेवढं मी काढीन, तुम्हाला आणून देईन. पुढचं काही लावणार नाही."

एकीने उगाचच कांद्याची पात सारखी केली. मग हामानोसान म्हणाल्या, "आम्हीच थांबा म्हणणार होतो. धीर होत नव्हता."

"मग म्हणायचं की!"

"कसं म्हणणार? तुम्ही आमच्यासाठी राबताय, आम्ही तुमच्यासाठी खातोय, असं चाललं होतं बघा."

पेट्या एकेक करून गेल्या. एक उरली, चौथ्या मजल्यावरच्या मुत्सुसानची.

"तिचं हल्ली जरा विसरायला होतं," हामानोसान हळूच म्हणाल्या. "बेताने सांगा."

वसाहतीला लिफ्ट नव्हती. ही पेटी नेहमी यासुओच वर न्यायचा. तोमिए प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत पोचली. दार उघडंच होतं.

"आज तू होय?" मुत्सुसान म्हणाली. "आणि नवरा कुठाय? जिन्याचा कंटाळा आला वाटतं साहेबांना!"

तोमिए बघतच राहिली. अंत्यविधीला हीच म्हातारी उदबत्ती लावून तिचा हात धरून बसली होती, सोडायलाच तयार नव्हती.

"खाली आहेत," तोमिएच्या तोंडून निघून गेलं. "टेम्पोत."

"बसलाय ना आरामात! सांग त्याला, मी चिडलेय म्हणून."

तोमिएने शेंगा सोलल्या, दाणे मिठाच्या पाण्यात उकडले. ओट्यावर पालिकेकडून आलेला जेवणाचा डबा तसाच पडला होता. भात वाळून गेला होता. मुत्सुसानने मात्र दाण्याचं साल चिमटीत धरून काढलं, दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले.

"यंदा गोड झाल्यात. हातगुण आहे हो त्याला." आणखी एक दाणा. "आणि थंडीत अळकुड्या मोठ्या द्यायला सांग. मागे काय त्या, लिंबाएवढ्या! सोलता सोलता जीव गेला माझा."

सांगायचं ते तोमिएच्या ओठांवर आलं होतं. म्हातारी दाणे खात होती, हनुवटीवर मिठाचं पाणी ओघळत होतं. तोमिएने ते रुमालाने टिपलं.

"सांगते त्यांना," ती म्हणाली.

खाली स्टँड रिकामा झाला होता. ती टेम्पोत बसून किल्ली फिरवणार, एवढ्यात वरून हाक आली, "यासुओसान!"

तोमिएने मान बाहेर काढून पाहिलं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढत मुत्सुसान आली होती. कठडा धरून तिने टेम्पोकडे तोंड केलं आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. नव्या हंगामाचा पहिला घास देणाऱ्याला करावा, तसा.

तोमिए उतरली. टेम्पोला वळसा घालून पलीकडच्या रिकाम्या सीटच्या दाराशी गेली, आणि यासुओच्या जागी वाकली. वरचं सरकतं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ती तशीच वाकून राहिली.