एक-पाचला उठलेला मामा

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे मामा म्हणायचे, ते काही त्याच्या वयामुळे नव्हे. त्याची भाची टेनिस खेळायची आणि तो येईल त्याला तिच्याबद्दल सांगत सुटायचा, म्हणून. फ्रेम बसवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बिचारं खुर्चीत अडकलेलं असायचं. त्याच्या कानामागे काडीचा बाक नीट करता करता मामा सुरू व्हायचा, "आमच्या टिचकीचा बॅकहँड बघितलाय का तुम्ही?" गिऱ्हाइकाला मान हलवायचीही सोय नसे, हलवली तर फ्रेम वाकडी बसायची.

टिचकी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी अंगाने इतकी किरकोळ, की टिचकी मारली तर उडून जाईल असं वाटायचं. तिचे वडील बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत, सकाळी सहाची पाळी. त्यामुळे सात वर्षांच्या टिचकीला सायकलवर पुढे बसवून कोर्टावर सोडायचं काम मामाकडे आलं ते आलंच. पुढे चौदा वर्षं तिच्या रॅकेटच्या मुठी त्यानेच गुंडाळल्या, फाटलेल्या बुटांना चिकटपट्ट्या त्यानेच लावल्या. तिच्या खेळात आपलाही थोडा वाटा आहे असं त्याला वाटायचं, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी त्यांच्याच शहरात होती, हिरवळीच्या कोर्टांवर. तीन सामने जिंकले की मुख्य स्पर्धेत नाव लागणार. घरचे खेळाडू म्हणून नऊ जणांना प्रवेश मिळाला होता. पहिल्या दिवशी त्यातले पाच गारद झाले, दुसऱ्या दिवशी तिघं. तिसऱ्या दिवशी उरली एकटी टिचकी.

ताईला मॅच बघवत नसे. "माझ्या वाटचं तू बस," ती मामाला म्हणाली होती. "संपलं की फोन कर. मधे करू नकोस, माझ्या छातीत धडधडतं." आणि टिचकीने बजावलं होतं, "माझ्या खुर्चीच्या मागे बस, दोरीला लागून. मान वळवली की तू दिसायला पाहिजेस."

मामाने दिवसभराची सुट्टी काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सामन्याच्या तासभर आधीच जाऊन दोरीलगतची घडीची खुर्ची धरली. बाहेरचं कोर्ट ते. वर छप्पर नाही, गॅलरी नाही. दोरीच्या अलीकडे माणसं आणि पलीकडे चार पावलांवर खेळाडूंच्या खुर्च्या. दोन दिवसांच्या खेळाने मागच्या रेषेजवळचं गवत झिजून तपकिरी झालं होतं. चेंडू तिथे पडला की उसळायचा नाही, सरपटत यायचा.

पहिला सेट टिचकीने घेतला, सात-पाच. मामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग समोरच्या उंच मुलीला लय सापडली. तिच्या सर्व्हिसवर चेंडू जमिनीला चाटून पुढे जायचा आणि टिचकी गुडघे टेकेपर्यंत वाकूनही तो नेटमध्ये मारायची. दुसरा सेट गेला, सहा-दोन. तिसऱ्यात बघता बघता एक-चार झाले.

लोक उठायला लागले. मामाच्या मागे टोप्या घातलेले दोन गृहस्थ बसले होते. त्यांची तोंडं सकाळपासून चालू होती.

"आपल्या पोरांचं हे असंच," एक म्हणाला. "घरची म्हणून आत घ्यायचं आणि तमाशा बघायचा."

"अहो, हिच्या जागी दुसरं कोणी खेळलं असतं," दुसरा म्हणाला. "पाय बघा कसे टाकतेय. गवतावर चालायला तरी शिकवलंय का हिला कोणी?"

आजूबाजूचे चार-सहा जण हसले. मामाचे कान गरम झाले. मागे वळून काहीतरी बोलायला हवं होतं. नऊ जणांतली ही एकटी उरलीय, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण तो पुढेच बघत राहिला. तेवढ्यात बाजू बदलायची वेळ झाली. टिचकी येऊन खुर्चीत बसली आणि तिने डोक्यावर टॉवेल घेतला. नेमका त्याच वेळी मागचा एक टोपीवाला पुढे झुकला आणि मामाच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाला, "काय हो, मघापासून मुठी आवळून बसलाय. तुमची कोण लागते का ही?"

"छे हो," मामा म्हणाला. "माझी कोण असणार? इथून चाललो होतो, सहज टेकलो."

शब्द तोंडातून गेले तेव्हा त्याने टिचकीकडे पाहिलं. टॉवेल हलला नाही. एवढ्या गलक्यात तिला काय ऐकू जाणार, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढच्या गेममध्ये टिचकीने दोनदा सर्व्हिस चुकवली आणि एक सोपा चेंडू बाहेर घालवला. एक-पाच.

आता एकच गेम उरला होता. तो बघायला नको, हरून खुर्चीकडे येणाऱ्या टिचकीचं तोंड बघायला नको, आणि त्या दोघांसमोर ती 'मामा' म्हणून हाक मारेल तेही नको. मामा उठला. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, मान खाली घालून तो फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच त्याने ताईला फोन लावला.

"संपलं ग, ताई. हरली."

ताईने विचारलं, "पडली-बिडली नाही ना? पाय ठीक आहे ना तिचा?"

"ठीक आहे."

"मग असू दे. तू आहेस ना तिच्याजवळ? सोबत घेऊन ये तिला."

"हो," मामा म्हणाला.

घरी जायची हिंमत नव्हती म्हणून तो दुकानात गेला. चालत पंधरा मिनिटांची वाट. एका गिऱ्हाइकाच्या काचा घासायच्या राहिल्या होत्या, त्याचं निमित्त. दुकानाच्या मालकीणबाई काउंटरवर फोन उभा करून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले एक आजोबा डोळे मिटून बसले होते.

"मामा, तुम्ही इकडे कसे?" बाईंनी विचारलं.

"संपली मॅच. गेली हातची."

बाईंनी फोनकडे पाहिलं, मग मामाकडे. "पण इथे तर अजून चालू दाखवतात. तीन-पाच."

तरी मामा म्हणाला, "त्यांचे आकडे उशिरा येतात हो. मी आत्ता तिथूनच येतोय."

असं म्हणून त्याने ॲप्रन चढवला आणि मशीन सुरू केलं.

"चार-पाच!" बाई ओरडल्या.

"मला काही दिसत नाही, जरा मोठ्याने सांगा," आजोबा म्हणाले.

"पाच-पाच! मामा, अहो, पाच-पाच झाले!"

दुकानात फ्रेम दाखवायचं काम करणारी मुलगी आतून धावत आली. बाकावरचे आजोबा डोळे मिटूनच टाळ्या वाजवायला लागले. मामाने हातातली काच घासता घासता प्रमाणाबाहेर घासली, ती फुकट गेली. त्याला पळत परत जावंसं वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने जाणार? सहा-पाच. मग बराच वेळ आकडा बदलेना. मग बाईंनी दोन्ही हात वर केले.

सगळ्यांनी मामाला घेरलं. पेढ्या-बर्फीचं नाव निघालं, हात हातात घेऊन हलवले गेले. "पण मामा, तुम्ही तिथे का नव्हता?" फ्रेमवाल्या मुलीने विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, तिने आपलं सहज विचारलं.

"या काचा द्यायच्या होत्या ना आज," मामा म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

एवढ्यात ताईचा फोन. "अरे, ती म्हणतेय जिंकली! तू म्हणालास हरली. मी तिला लिहूनसुद्धा पाठवलं, हरलीस तरी हरकत नाही, मामाबरोबर घरी ये म्हणून. काय गोंधळ आहे हा?"

"येतो मी घरी," मामा कसाबसा म्हणाला.

ताईच्या घरी तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. टिचकी बादलीत पाय सोडून बसली होती. ताईने दारातच विचारलं, "तू होतास तरी कुठे?"

मामा तोंड उघडणार, तोच टिचकी म्हणाली, "अगं आई, शेजारच्या कोर्टावरची मॅच संपली आणि पाटी बघून याला वाटलं माझीच संपली. गर्दी केवढी होती! वेंधळाच आहे तो."

ताई हसली. "चष्म्याच्या दुकानात राहून याला पाटी दिसत नाही!" म्हणत ती चहा टाकायला आत गेली. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने बोल लावले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

त्याने टॉवेल उचलला आणि बादलीजवळ खाली बसला. "टिचके," तो हळू आवाजात म्हणाला, "तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"मला तसं म्हणायचं नव्हतं ग."

"म्हणालास तर खरं." ती त्याच्याकडे बघत नव्हती, बादलीतल्या पायांकडे बघत होती. "नंतरचा गेम त्यापायी गेला. सर्व्हिस टाकताना डोक्यात तेच. मग तू उठून चाललास तेही दिसलं."

"आणि मग चिडून जिंकलीस?" मामाने विचारलं. त्याच्या आवाजात एक वेडी आशा होती, आणि ती टिचकीला बरोबर कळली.

"नाही," ती म्हणाली. "चिडून माझं कधीच काही होत नाही, तुला माहीत आहे. तिची सर्व्हिस दोन पावलं मागे जाऊन घ्यायला लागले, म्हणून जिंकले. त्यात तुझं काही नाही, मामा."

मामाने तिच्यापुढे टॉवेल धरला. तिने तो घेतला आणि आपले पाय आपणच पुसले.

"परवा येऊ का मी?" त्याने विचारलं.

"ये ना. तिकीट आहे तुझं." मग टॉवेल बाजूला ठेवत म्हणाली, "फक्त लांब बस. मला दिसशील असं नको."

मुख्य स्पर्धेत पहिल्याच सामन्यात तिची गाठ एका नावाजलेल्या खेळाडूशी पडली. मामा अगदी वरच्या रांगेत बसला होता. तिथून टिचकी अंगठ्याएवढी दिसत होती. ती तासाभरात हरली, सहा-दोन, सहा-तीन. सगळे उठून टाळ्या वाजवत होते, मामाही वाजवत होता. तिने चारी बाजूंना हात हलवला. त्यात आपण आलो की नाही, ते काही त्याला कळलं नाही.

पुढे टिचकी नेहमीसारखीच वागायला लागली. दुकानात येऊन काउंटरवर बसायची, मामाचा डबा उघडून खायची. मामाने मात्र गिऱ्हाइकांपुढे तिचं नाव काढणं सोडलं. बाईंना वाटलं, याची तब्येत बरी नाही.

दोन महिने त्याने ते पोटात ठेवलं. एका रविवारी ताई चादरी घडी करत होती, चादरीचं दुसरं टोक मामाच्या हातात होतं. तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. टोपीवाले, 'माझी कोण असणार', फाटकावरून केलेला फोन, दुकानातलं खोटं, सगळं.

ताईने घडी पुरी केली. त्याच्या हातातलं टोक घेऊन चादर ठेवून दिली आणि दुसरी उचलली.

"तिला माहीत आहे?"

"हो. त्याच दिवसापासून."

"आणि तिने मला कळू दिलं नाही."

"नाही."

"मग तू कशाला सांगितलंस?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या मनाला हलकं वाटावं म्हणून? आता दारात ती दिसली की मला हे आठवणार, आणि तू दिसलास तरी हेच."

ताईने चादरीचं टोक त्याच्यापुढे केलं. त्याने ते धरलं, आणि उरलेल्या सहा चादरींच्या घड्या दोघांनी घातल्या.