कुणाला घरी ठेवाल?

फर्कर मॅकलेनन चाळीस वर्षं डोंगरावर लोकांना हरणं दाखवत आला होता. आधी जमीनदाराच्या पाहुण्यांना, आणि युद्ध सुरू झाल्यावर कमांडोंना. पाहुण्यांना हरीण मारायचं असे, कमांडोंना मारायचं नसे. एवढा फरक सोडला तर काम तेच होतं. पोटावर सरपटायचं, वारा तोंडावर घ्यायचा आणि जीभ आवरायची. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, असं त्याचं मत होतं. पाहुण्यांपैकी एकालाही ते कधी जमलं नव्हतं.

जमीनदाराचा बंगला लष्करानं ताब्यात घेतला होता. महिन्याला नऊजणांची एक तुकडी यायची, आणि फर्कर आठवडाभर त्यांना दोघादोघांनी डोंगरावर न्यायचा. बंदूक नाही, काडतूस नाही. हरिणींच्या कळपापासून शंभर पावलांवर, ओल्या झुडपात तासभर पालथं पडून राहायचं. कळपात एक म्हातारी हरिणी असते. बाकीच्या चरत असताना ती पहारा करते. तिनं मान वर केली की झालं, तुम्ही नापास.

शुक्रवारी दुपारी कॅप्टन हॅलम फर्करला बंदुकांच्या खोलीत बोलावून एकच प्रश्न विचारायचा. “मिस्टर मॅकलेनन, यातल्या कुणाला घरी ठेवाल?”

बोटीत आठच जागा असायच्या. बोट कुठे जाते ते फर्करनं विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. फर्कर एक नाव सांगायचा, आणि त्या माणसाची रवानगी त्याच्या जुन्या पलटणीत व्हायची. शिक्षा नाही, दंड नाही, हातात फक्त रेल्वेचं तिकीट. पण ही पोरं जर्मनांना भ्यायची नाहीत इतकी त्या तिकिटाला भ्यायची. फर्करनं आजवर सहा नावं सांगितली होती आणि सहाच्या सहा खरी होती. त्याचा त्याला थोडा गर्वही होता. चर्चमध्ये गर्वावर प्रवचन निघालं की तो छताकडे बघत बसायचा.

सातव्या तुकडीत त्याचा भाचा होता.

मर्डो त्याच्या थोरल्या बहिणीचा, एफीचा धाकटा मुलगा. पलटणीतून कमांडोंमध्ये गेला आणि फिरून फिरून शिकायला आला तो आपल्याच गावच्या डोंगरावर. थोरला अलास्टर दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लढताना मारला गेला होता. त्याची तार पोस्टातली बाई सायकलवरून घेऊन आली होती. तेव्हापासून रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की एफी हातातलं काम टाकून उभी राहायची.

मर्डो डोंगरावर उत्तम होता. उत्तमच असणार, लहानपणापासून मामाच्या मागे सरपटत मोठा झालेला. म्हातारी हरिणी त्याच्यापासून साठ पावलांवर बसून रवंथ करत राहिली. फर्करला मनातून बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

त्याच्या जोडीला लेन डॅगेट होता. लंडनचा, बसवर कंडक्टर. जिभेला हाड नसलेला माणूस, पण मनानं साफ. पहिल्याच दिवशी तो फर्करला म्हणाला, “काका, या डोंगराला पायऱ्या का नाही केल्या कुणी? आमच्याकडे दुमजली बसलासुद्धा जिना असतो!”

“तुमच्या बसमध्ये हरणं बसतात का?” फर्करनं विचारलं.

“बसतात की. तिकीट मात्र काढत नाहीत.”

सगळे हसले. फर्करही हसला. डॅगेट दमायचा नाही, रडायचा नाही, दुसऱ्याचं ओझं न सांगता उचलायचा. दोष एकच होता. झुडपात पडून दहाएक मिनिटं झाली की तो गुणगुणायला लागायचा. ओठ बंद, दात बंद, आणि नाकातून एक बारीक सूर. म्हातारी हरिणी मान वर करायची आणि कळप टेकडीपलीकडे पसार. तीनदा नेलं, तीनदा तेच.

गुरुवारी दुपारी एफी फर्करच्या घरी आली. बंगल्यावरचे कपडे तीच धुवायची. कपड्यांची रिकामी टोपली तिनं दारातच ठेवली.

“उद्या संध्याकाळच्या आत सगळे कपडे परत हवेत म्हणून निरोप आलाय,” ती म्हणाली. “ओले असले तरी चालतील म्हणे.”

“हं.”

“हं काय? मला कळत नाही का? मागच्या खेपेलाही असाच निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी पोरं गेली. सहा मोजे माझ्या दोरीवर राहिले, न्यायला कुणी आलं नाही.”

गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा त्या खोऱ्यात कुणी नव्हता.

“उद्या तो साहेब तुला विचारणार,” एफी म्हणाली. “मर्डोचं नाव सांग.”

“एफी, पोरगं नऊजणांत सगळ्यात चांगलं आहे.”

“मग चांगलं राहू दे की. जिवंत राहून चांगलं राहू दे.”

“मी खोटं कसं सांगू?”

“खोटं कशाला? गुडघा आहे ना त्याचा! शिंटीच्या खेळात चेंडूऐवजी त्यालाच काठी बसली होती. तूच पाठीवर टाकून आणलंस त्याला. थंडीत अजून दुखतो, मला माहीत आहे. तेवढंच सांग. गुडघा कच्चा आहे म्हणावं.”

गुडघा खरंच कच्चा होता. आठवडाभर त्यानं दगा दिला नव्हता, पण पुढे देणार नाही असं कोण छातीठोक सांगेल? खोट्याला इतकं स्वच्छ कापड फर्करनं आजवर पाहिलं नव्हतं.

“दोन होते मला,” एफी म्हणाली. “मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?”

मागितलं नव्हतं. त्याची बायको गेली तेव्हा तीच वर्षभर त्याची चूल बघत होती, आणि त्याचा उच्चारही तिनं कधी केला नव्हता.

“बघतो,” तो म्हणाला.

एफीनं टोपली उचलली आणि ती गेली. तिनं ‘बघतो’चा अर्थ ‘हो’ असा घेतला, हे त्याला तिच्या चालण्यावरून कळलं. त्यानं तिला मागे बोलावलं नाही.

शुक्रवारी बंदुकांच्या खोलीत कॅप्टन हॅलमनं दार लावून घेतलं. हा इंग्रज माणूस फार बोलायचा नाही, म्हणून फर्करला तो बरा वाटायचा.

“मिस्टर मॅकलेनन, मर्डो तुमचा कोण लागतो ते मला माहीत आहे. या खेपेला तुम्ही नाव दिलं नाहीत तरी माझी हरकत नाही. मी चिठ्ठ्या टाकीन.”

फर्करनं विचार केला. चिठ्ठ्या टाकल्या तर नऊपैकी आठ वेळा डॅगेट बोटीत बसणार. मर्डोचं नाव दिलं तर नऊपैकी नऊ वेळा. आणि डॅगेट बोटीत बसला की कुठल्यातरी काळोख्या किनाऱ्यावर, कुठल्यातरी जर्मन पहारेकऱ्याजवळ पडून, तो गुणगुणणार. पहारेकरी हरिणीसारखा पळून जाणार नाही.

गुडघा त्याच्या जिभेवर आला होता. त्यानं तोंड उघडलं.

“डॅगेट,” तो म्हणाला.

कॅप्टननं वहीत लिहिलं. फर्करला आपल्याच जिभेचा राग आला. चाळीस वर्षं तिला आवरायला शिकवलं, आणि हवी तेव्हा ती आवरली नाही. पण ते नाव परत घ्यावं असंही त्याला वाटलं नाही, आणि हे त्याला जास्त लागलं.

डॅगेट जाताना त्याच्या दारात आला. खांद्याला पिशवी, हातात तिकीट.

“काका, खरं सांगा. मी काय केलं?”

“तू गुणगुणतोस.”

“मी? एक शब्द काढला नाही तोंडातून!”

“शब्द नव्हता. चाल होती.”

डॅगेटनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “भीती वाटली की होतं ते. आईपण म्हणायची. मला स्वतःला ऐकूच येत नाही हो.”

“हरिणीला येतं,” फर्कर म्हणाला.

डॅगेटनं हात पुढे केला. फर्करनं तो धरला. पोराचे डोळे भरले होते, पण तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

अठरा दिवस एफी फर्करशी बोलली नाही. मर्डो त्याच संध्याकाळी गेला, तेव्हाच ती काय ते समजली होती. चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर बसली आणि त्याच्याकडे तिनं मान वळवली नाही. फर्कर रोज सकाळी डोंगरावर जायचा आणि तिथून खाली पोस्टाकडचा रस्ता बघत बसायचा. सायकल दिसली की ती एफीच्या दारावरून पुढे जाईपर्यंत त्याची नजर हलायची नाही. एकोणिसाव्या दिवशी त्या रस्त्यानं मर्डो चालत आला.

पाच दिवसांची रजा होती. एफीनं हेरिंग मासे तळले, बटाटे उकडले, शेजाऱ्यांकडून लोणी आणलं. मर्डोनंच जाऊन मामाला जेवायला बोलावून आणलं. एफीनं दोघांना वाढलं. मर्डो खात होता आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती.

“मला सांगायची बंदी आहे,” मर्डो म्हणाला, “पण एवढं सांगतो. एका चरात आम्ही आठजण पालथे पडलो होतो. वर रस्ता, आणि रस्त्यावर दोन पहारेकरी. इतक्या जवळ, की सिगारेट ओढली तर आम्हाला वास येत होता. पाऊण तास! कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही. मनात येत होतं, आत्ता आमचा कंडक्टर इथे असता तर?” तो हसला. “मामा, त्याला तू काढलंस म्हणून आठच्या आठ परत आलो. कॅप्टनसुद्धा तेच म्हणाले.”

“बटाटे घे,” एफी म्हणाली.

जेवण झाल्यावर मर्डो शेकोटीसाठी पीट, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं जळण, आणायला मागच्या अंगणात गेला. एफीनं फर्करपुढे चहाचा कप ठेवला. आपल्यासाठी तिनं ओतला नाही.

“आला ना परत,” फर्कर म्हणाला.

“आला. ते देवाचं देणं.” ती उभीच होती. “त्या शुक्रवारी नाव घेतलंस, तेव्हा तो परत येणार हे तुला माहीत होतं?”

“नाही.”

“मग?”

“मर्डोचं नाव सांगितलं असतं तर डॅगेट गेला असता, एफी. आणि ती आठ पोरं त्या चरात मेली असती. तू आत्ता स्वतःच्या कानांनी ऐकलंस.”

“ऐकलं,” एफी म्हणाली. “पण त्या आठांत मर्डो नसता. तो पलटणीत, जिवंत असता.”

फर्करनं हिशोब मांडून पाहिला. तिचं बरोबर होतं. आठ आयांची पोरं तिनं त्या चरात ढकलली होती आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. तिचा राग यावा असं त्याला वाटलं, पण राग आला नाही. तिची भीती मात्र वाटली, आणि तिची दयाही आली.

बाहेर मर्डो टोपलीत पीट टाकत होता, ठोकळ्यावर ठोकळा पडल्याचा आवाज येत होता.

“सोमवारी तो परत जायचाय,” एफी म्हणाली. “परत बोट असेल, नऊजणांत परत तोही असेल. परत तो साहेब तुला विचारेल.”

“विचारेल.”

“काय सांगशील?”

त्यानं कप खाली ठेवला. इथे खोटं बोलणं सोपं होतं. कुणाचा जीव जाणार नव्हता.

“जो खरा असेल तो सांगीन,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” एफी म्हणाली. “म्हणूनच सांगते, चहा पी आणि तो आत यायच्या आधी जा. मामा का गेला ते मी सांगेन त्याला काहीतरी.”