साध्या कृमींचे आयुष्य

इर्माने प्लॅटिनमच्या तारेचे टोक कृमीच्या डोक्याला हलकेच लावले, सूक्ष्मदर्शकातून पाहत थांबली, पुन्हा लावले. कृमी हलला नाही.

"गेला," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या तिच्या मुलीने, निदियाने, वहीत एक रेघ ओढली.

शनिवारची सकाळ होती. मोंतेविदेओतल्या त्या जीवशास्त्र संस्थेत शनिवारी एकटी इर्मा येत असे. कृमींना सुट्टी नसते. निदिया शाळेत साहित्य शिकवायची. आईला भेटायचे तर इथेच यावे लागते, हे ती सातव्या वर्षीच शिकली होती. येर्बाच्या कडू चहाचा तुंबा दोघींमध्ये फिरत होता.

"तुझे संचालक, पित्तालुगासाहेब, अजून ती गोळी गिळतात?" निदियाने विचारले.

"सकाळ-संध्याकाळ गिळतो. सर्टुइन जागं ठेवायला." इर्माने भिंगावरून डोळा काढला नाही. "यंदा केस काळे झालेत त्याचे."

"गोळीने?"

"न्हाव्याने."

संचालकांच्या त्या गोळीमागे शोध इर्माचाच होता. अठरा वर्षांपूर्वी तिने दाखवले होते, की सर्टुइन हे प्रथिन वाढवले तर तिचे कृमी दीडपट जगतात. निदियाच्या पंधराव्या वाढदिवसाला, जो तिकडे लग्नासारखा साजरा होतो, घरचे सगळे पहिल्या नाचासाठी उभे राहिले तेव्हा, इर्मा इथे मेलेले कृमी मोजत होती. त्या मोजणीतून तो लेख आला, मग वर्तमानपत्रांतले फोटो, संस्थेची नवी इमारत आणि शेवटी गोळी.

"एक सांगू?" इर्मा म्हणाली. "मी चुकले."

"रेघ खोडू?"

"रेघ नाही गं. सगळंच." तिने तार खाली ठेवली. "माझ्या त्या वाणात एक भलताच दोष लपलेला होता. आयुष्य तो वाढवत होता. साध्या कृमींशी सहा पिढ्या संकर केला असता, तर धुऊन निघाला असता. तेव्हा घाई होती, नाही केला. आता केलाय. सर्टुइन तेवढंच वाढलेलं, आणि जगतात मात्र साध्या कृमींइतकेच. पित्तालुगा म्हणतो, गोळी बाजारात येईपर्यंत गप्प बस. मी लेख लिहून ठेवलाय. सोमवारी पाठवणार. हसतील सगळे."

ती मुलीकडे पाहत राहिली. असे ती सहसा पाहत नसे.

निदियाने तुंब्यात पाणी ओतले. ते काठावरून टेबलावर सांडले, तरी ओतत राहिली.

"पाणी गार झालंय," ती म्हणाली.

इर्माने मान डोलावली आणि पुढचा कृमी शोधू लागली.

रविवारी पहाटे तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सोमवार तिने पाहिला नाही. वय चौसष्ट.

महिन्याने संस्थेने स्मृतिसभा ठेवली. दारातच एका टेबलावर गोळ्यांच्या नमुन्याच्या डब्या मांडल्या होत्या, आणि शोक करायला आलेले लोक शोक करण्याआधी दोन-दोन उचलत होते. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या गालांवर मेणाच्या फळांसारखी तुकतुकी होती. शंभर वर्षे जगून हे करणार काय, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आले नसते.

इर्माचे कृमी वाढवणारी देल्मिरा निदियाशेजारी येऊन कुजबुजली, "सोमवारीच बाईंच्या खोलीला कुलूप लागलं. लेख आतच आहे. साहेब म्हणतात, अर्धवट काम बाहेर काढून बाईंची अब्रू घालवू नका."

"अर्धवट होतं?"

"मी स्वतः तीनदा मोजलंय, पोरी."

व्यासपीठावर पित्तालुगा सांगत होता, की इर्माने मृत्यूला मागे रेटले. म्हणून नव्या गोळीला तिचेच नाव द्यायचे ठरले आहे. टाळ्या झाल्या. निदियाला त्याचे काळेभोर केस, भरून आलेला आवाज, सगळ्याची किळस आली. मग तिला वाटले, याने आईला गप्प बस असे म्हटले तरी होते. आपण तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"दोन शब्द बोल, बाळ," पित्तालुगाने माइक तिच्या हातात दिला. "थोडक्यात."

"आई चुकली होती," निदिया म्हणाली. "सर्टुइनमुळे तिचे कृमी जास्त जगले नाहीत. हे तिनंच शोधलं, तसा लेखही लिहिला. तो यांच्या कुलपात आहे."

पित्तालुगा सभेकडे पाहून हसला. "दुःखात माणूस काहीही—"

"बोलू द्या तिला!" मागून देल्मिरा ओरडली. "ते कृमी मी मोजलेत. तुम्ही नाही."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. या लोकांना ऐकवायला निदियाकडे अजून पुष्कळ होते. महिनाभर तिने एकेक वाक्य घासून ठेवले होते. तिने माइक खाली केला. आता बोलायचे ते त्यांच्यासाठी नव्हते; त्या शनिवारी बोलायचे राहून गेलेले होते.

"बरं केलंस, आई," ती म्हणाली.