मल्लम्माच्या गल्लीत कुणी आलं नाही

निलंग्यात किराणा दुकान सांभाळणाऱ्या मल्लम्माला दवाखाना नवा नव्हता. बीपीसाठी, गुडघ्यांसाठी ती वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे जात होती. पण गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर अंगावरून रक्त जायला लागलं, तेव्हा कुठे तपासणी झाली. तोवर कॅन्सर मूत्राशयापर्यंत पोचला होता.

लातूरच्या दवाखान्यात धाकटी बहीण शरणम्मा भेटायला आली आणि पायाशी बसून रडू लागली.

"अक्का, मलाबी तपासणीत पिशवीच्या तोंडाला डाग निघाले होते गं. पण लई आधी सापडले. तेवढं जाळून टाकलं, अन् संपलं."

"तुला काय त्रास व्हायचा?"

"कायच न्हाई. आमच्या गावात नर्सबाई घरोघर फिरून समद्या बायांना तपासणीला बोलवत होत्या. मी दोनदा न्हाई म्हणलं. मग त्या दारातच बसल्या."

मल्लम्माच्या गल्लीत कुणी आलं नव्हतं. आलं असतं तर तीही नाहीच म्हणाली असती; पण दारात बसणारं कुणीतरी हवं होतं. तिला बहिणीचा हेवा वाटला आणि त्याची लाजही वाटली.

तेवढ्यात सून मंजुश्री चहा घेऊन आली.

"चहा ठेव तिथं," मल्लम्मा म्हणाली, "अन् खालच्या मजल्यावर जाऊन पिशवीची तपासणी करून घे. आजच."

"मला काय झालंय, आत्याबाई?"

"मलाबी कायच होत नव्हतं."

मंजुश्री गेली. तिच्या तपासणीत काही निघालं नाही. मल्लम्मा मात्र दिवाळीआधीच वारली.