आयडेला क्रूमची राय

"चांगली आणि स्वस्त कुठली ते सांगत बसू नकोस, नदीन. ओतून दे. माझं मी ठरवते," असं म्हणून आयडेलाकाकूंनी पर्स काउंटरवर ठेवली आणि स्टूल ओढून त्या बसल्या.

मी हातातलं फडकं धरून तशीच उभी राहिले. काकू सत्तरीच्या, बॅप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या. जन्मात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि माझं दुकान हद्द ओलांडली की पहिलंच. तिकडची माणसं गाडी मागच्या बाजूला लावतात, मागच्या दाराने येतात आणि पिशवी कोटाखाली धरून जातात. काकूंची गाडी मात्र पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी उभी होती.

"थर्मनकाका कुठे आहेत?" मी विचारलं.

"गाडीत बसलाय. गुडघा दुखतो म्हणे." त्यांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "गुडघा काही दुखत नाहीये त्याचा."

नाताळच्या आधी काकू बर्बन व्हिस्कीच्या गोळ्या करतात. बर्बनमध्ये मुरवलेले अक्रोडासारखे पेकन, लोणी, पिठीसाखर आणि वरून गडद चॉकलेट. अख्ख्या केंटकीत घरोघर करतात, पण काकूंच्या हाताची चव वेगळी. पाद्र्यांच्या पत्नीसुद्धा दोन डबे नेतात आणि आत काय आहे ते विचारत नाहीत. ती बर्बन नेहमी थर्मनकाका निवडायचे. त्यांची उभी हयात व्हिस्की मुरवायच्या पिंपांच्या गोदामात गेली. झाकण उघडून नाकाशी धरलं की पिंप वरच्या मजल्यावरचं की खालच्या, तेही सांगायचे. वर्षानुवर्षं त्यांची एक हिरव्या लेबलची बाटली ठरलेली होती. मग कुणीतरी इंटरनेटवर तिचं कौतुक केलं आणि ती शहरातल्या दुकानांत काचेच्या कपाटात, कुलपाआड जाऊन बसली. मला दिसेनाशीच झाली.

म्हणून ऑक्टोबरात काकांनी दुसरी निवडली. नाकाशी धरली, मान डोलावली, नेली.

"त्या गोळ्यांना वार्निशचा वास येत होता," काकू म्हणाल्या. "सगळ्या फेकून दिल्या. त्याला एक खायला दिली, तर म्हणाला, झकास झाल्यात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फेब्रुवारीत त्याला तो ताप आला होता ना, तेव्हापासून सगळ्यावर मीठ भुरभुरवत असतो. मागे माझी ग्रेव्ही करपली, तीही मुकाट्याने खाल्ली. हा माणूस, नदीन. ज्याने लग्नाच्या जेवणात माझ्या आईच्या बिस्किटांना नावं ठेवली होती."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"काय विचारू? त्याचं नाकच गेलंय हे?" त्यांनी काउंटरवरचा एक पेला पुढे सरकवला. "ओत."

मी चाखायला उघडून ठेवलेल्या बाटल्या काढल्या. सगळ्या खालच्या फळीवरच्या, वीस डॉलरच्या आतल्या. पहिला घोट घेऊन काकूंना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रुमालाने तोंड टिपलं.

"हे लोक पैसे देऊन घेतात हे?"

"दुसरा घोट बरा लागतो."

त्यांनी दुसरा घेतला. "नुसता पाक आहे. चॉकलेटपुढे टिकायची नाही." पुढची चाखली. "ही म्हणजे ओसरीची फळी चाटल्यासारखी." त्या डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, पाक तारेवर आलाय का बघावं तशा बघत होत्या. माझी भीड चेपली. मी फळीच्या टोकाची बाटली काढली. "ही बर्बन नाही. राय आहे. बर्बन मक्याची, ही राय नावाच्या गव्हासारख्या धान्याची. जरा तिखट असते. हल्ली कुणी विचारत नाही म्हणून स्वस्त आहे."

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि त्यांच्याच चर्चचे एक कारभारी, डीकन पर्विस, आत आले. काकूंच्या हातातला पेला बघून त्यांनी हॅट काढली, परत घातली.

"मी बर्फ न्यायला आलो होतो," ते म्हणाले.

"बर्फ पुढच्या दाराशी आहे, डीकन," काकू म्हणाल्या. "मी व्हिस्की न्यायला आलेय." आणि त्यांच्या देखत पेला तोंडाला लावला.

डीकन पर्विस नोव्हेंबरच्या थंडीत बर्फाची पिशवी घेऊन गेले.

काकूंनी पेला रिकामा केला. मग म्हणाल्या, "हीच. एक खोकं दे. आणि ही उघडलेली माझ्याबरोबर दे."

मी खोकं घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. थर्मनकाकांनी गाडीची काच खाली केली. "काय घेतलंस?"

"राय."

"गोळ्यांत राय? आण इकडे." त्यांनी झाकण काढलं, बाटली नाकाशी धरली, पूर्वीसारखीच, डोळे बारीक करून. मग मान डोलावली. "चांगली आहे."

काकूंनी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. "थर्मन."

ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. मी खोकं मागे ठेवलं, पण तिथून हलायचं सुचेना.

"काहीच येत नाही," शेवटी ते म्हणाले. "कॉफीचा नाही, धुराचा नाही. तुझासुद्धा नाही."

काकूंनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला. रडल्या वगैरे नाहीत. जरा वेळाने काकांनीच विचारलं, "कशी आहे ती?"

"आधी ब्रेडच्या काळ्या कडेसारखी. मग पुदिना. तुझ्या आईच्या घरामागे ओढ्याला उगवायचा तसा. मग मिरी, पण जळजळीत नाही."

"आणि गिळल्यावर? शेवटी कडवट लागते का?"

"थांब." भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून, काकूंनी बाटलीच तोंडाला लावली. गाड्या जात होत्या. काकूंना घाई नव्हती. "किंचित. सालासकट अक्रोड खाल्ल्यावर लागतं तेवढं."

"जाते लगेच, की राहते?"

"आहे अजून."

काकांनी डोळे मिटले होते. "मग पिंप चांगलं होतं," ते म्हणाले. "मधल्या मजल्यावरचं असणार. घे ती."