हंबीररावांच्या गाडीचं बूड

हंबीररावांची गाडी पुढून मासा होती आणि मागून ढुंगण. हे असं सांगणं बरं दिसत नाही, पण अख्ख्या कोल्हापुराला कैक वर्षं तेच दिसत आलं होतं, त्यात सांगणाऱ्याचा काय दोष.

गाडी मूळची डॉज, लिलावात घेतलेली. हंबीररावांची शिरोलीला फाउंड्री होती. पंपांचे भाग ओतून ओतून कंटाळा आल्यावर त्यांनी गाडीचा सगळा पत्रा उतरवला आणि स्वतःच्या हातानं ॲल्युमिनियमचा मासा चढवला. समोर वासलेलं तोंड, हेडलाइटचे डोळे, अंगभर ठोकलेले खवले, टपावर माशाचा उभा पर. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण मागं जिथं शेपटी यायची, तिथं दोन गोल गरगरीत फुगवटे होते. मधे घळ, घळीत नंबर प्लेट, आणि दोन्ही बाजूंना एकेक लाल दिवा.

विश्वजित हा हंबीररावांचा एकुलता मुलगा. त्याला शाळेत सोडायला हीच गाडी यायची. पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढून ओरडायची, "कुल्ले आले रे." कोपऱ्यावरच सोडा म्हणून तो बापाच्या विनवण्या करायचा. बाप नेमका फाटकापर्यंत न्यायचा आणि वर हॉर्न वाजवायचा. पुढं विश्वजितनं राजारामपुरीत टाइल्सचं शोरूम टाकलं, पांढरी, सभ्य, चौकोनी गाडी घेतली. बाप गेला तेव्हा तो रडला, अगदी मनापासून रडला. पण बंद फाउंड्रीच्या शेडमध्ये त्या माशावर ताडपत्री ओढताना त्यानं जो श्वास सोडला, तो दुःखाचा नव्हता.

मग स्वप्नालीचं लग्न ठरलं. स्वप्नाली त्याची मुलगी, कागलच्या एमआयडीसीत इंजिनियर. मुलगा जयसिंगपूरचा, राजवीर, घरचा व्यापार मोठा, माणसं तोलामोलाची. लग्न त्यांच्याच गावात, मोठ्या हॉलमध्ये.

"मी आज्जाच्या गाडीतनं जाणार," स्वप्नाली म्हणाली.

"त्यापेक्षा डंपर सांगतो."

"मग डंपर तुम्हाला. मी माशातनं."

दोघांत आठवडाभर अबोला चालला. शेवटी विश्वजित कबूल झाला, कारण त्याला एक गोष्ट सुचली होती. गाडी दुरुस्तीला टाकायचीच आहे, तर मागचंही दुरुस्त होऊन जाऊ दे.

उचगावच्या रस्त्याला प्रसेनजीत कांबळेचं गॅरेज होतं. हा माणूस सरळ गाडीला हात लावत नसे. कुणी फियाटची होडी केलेली, कुणी जीपला मोराची मान लावलेली, असल्या चक्रम गाड्या बंगळुरूपासून त्याच्याकडे यायच्या आणि तो त्या होत्या तशा उभ्या करून द्यायचा. बोलायला लागला की ग्राइंडर चालू असला तरी ऐकू यायचा.

"मागचं जरा बघा," विश्वजित म्हणाला.

प्रसेनजीतनं मागं जाऊन बघितलं, वाकून बघितलं, मग दोन्ही फुगवट्यांवरून सावकाश हात फिरवला. विश्वजितनं मान वळवली.

"मोडलंय कुठं?"

"मोडलेलं न्हाई. पण तुमाला काय दिसतंय ते?"

"ढुंगण हाय की."

"तेच काढायचंय."

"मग न्हाई जमायचं, साहेब. करणाऱ्यानं जे केलं ते ऱ्हातंय. आवडू दे न्हाईतर न आवडू दे."

"आमच्या वडलांनी मासा केलता. माशाला ढुंगण असतंय व्हय?"

"करणाऱ्याच्या मनात असलं तर असतंय."

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी प्रसेनजीतनं छाती ठोकून सांगितलं की हा माल एकसंध आहे, एकाच पत्र्यातनं ठोकून काढलाय, आपल्या नजरेला असलं कळतं. "मूळचं न्हाई निघालं तर ह्या हातानं कापतो."

रंग घासायला सुरुवात झाली. वर चंदेरी निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली थापून थापून भरलेली लांबी, म्हणजे गाडीच्या रंगाखालची पुटी. ती खरवडल्यावर गंजकं लोखंड लागलं आणि त्याला गोल कड निघाली. कडेला दोन्हीकडे कान छाटल्याच्या खुणा. प्रसेनजीतनं ती कड बोटानं दोनदा चाचपली.

"घमेली हायत," विश्वजित म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं चिरकला. "फाउंड्रीतली घमेली. वाळू भरायची. उलटी करून लोखंडी सांगाड्याला वेल्डिंग मारलंय."

एकाला भोक पाडून प्रसेनजीतनं आत बॅटरी मारली. आत खऱ्या शेपटीचं थोटूक होतं.

"काय म्हणालतासा? एकसंध माल?"

"माणूस चुकतंय," प्रसेनजीत म्हणाला आणि ग्राइंडर उचलला. मग थांबला. "पण कापायच्या आधी एक कळू दे. हे केलं कुणी? कुठल्या तरी गॅरेजवाल्यानं केलं असंल तर आत्ता उडवतो. घरात कुणाला ठावं असंल?"

विश्वजितनं नाइलाजानं घरी फोन लावला. स्वप्नाली आज्जीला स्कूटीवर बसवून घेऊन आली. बाळाबाई म्हणजे विश्वजितची आई, ऐंशीच्या घरातली, तोंडानं फटकळ. तिला गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसवलं. तिनं ती उघडी घमेली बघितली आणि इतकी हसली की प्रसेनजीतला पाणी आणावं लागलं.

"हिला शेपूट होती की पयल्यांदा," ती म्हणाली. "अशी डौलदार. मग त्या मोटारमालक मंडळानं जुन्या गाड्यांची मिरवणूक काढली. हे गेले नाव द्यायला. तितला सेक्रेटरी म्हणला, कंपनीनं केली तशीच गाडी लागती, असली घरात केलेली सोंगं चालायची न्हाईत. हे म्हणले, दारात उभी हाय, एकदा बघा तर खरं. त्यो खुर्चीतनं उठला सुदीक न्हाई. दुसऱ्या दिवशी ह्यांनी फाउंड्रीत जाऊन शेपूट कापली आणि घमेली बशिवली."

"रागानं?" स्वप्नालीनं विचारलं.

"राग कसला. त्याला दाखवाय. त्यो सेक्रेटरी सकाळी ओट्यावर चहा पीत बसायचा. हे रोज त्याच्या दारावरनं जायचे आणि नेमका दारात ब्रेक मारायचे. दोनी दिवे लागायचे की तांबडे."

"आणि त्यो?"

"बसायचा बघत. काय करतोय? पुढं गेला जयसिंगपूरला ऱ्हायला."

जयसिंगपूर म्हटल्यावर विश्वजित आईपुढं येऊन उभा राहिला. "आई, कोण सेक्रेटरी?"

"गुंडूआप्पा. राजवीरचा आज्जा."

स्वप्नाली हसत हसत टायरवर बसली. विश्वजितला बसायलाही सुचेना.

"सोयरीक ठरताना सांगायचं न्हाई व्हय हे?"

"सांगितलं असतं तर ठरली असती व्हय? आणि त्यानं तरी कुटं सांगितलं? त्याला काय ठावं न्हाई, कुणाची नात ती?"

विश्वजितला राग आला, आणि तो सोयरिकीचा राहिला नाही. "माझी अख्खी शाळा ह्यात गेली, आई. पोरं काय काय म्हणायची. ते सगळं त्या एका माणसापायी?"

"तुजा काय संबंध त्यात?" बाळाबाई म्हणाली. "त्याचं घर शाळेच्या वाटंवर होतं, म्हणून तुला न्यायचे."

आपला बाप आपल्याला शाळेत सोडायला येत होता, असा विश्वजितचा आजवर समज होता.

प्रसेनजीतनं मात्र ग्राइंडर खाली ठेवला होता आणि त्याचा चेहरा उजळला होता. "म्हंजे करणाऱ्यानंच केलंय. शुद्धीवर. मग हे मूळचंच धरायचं. आता न्हाई कापत."

"आत्ता कापतो म्हणालतासा."

"तवा अर्धंच ठावं होतं."

स्वप्नाली गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली, घमेल्यांना पाठ टेकून. ती आता हे कापू देणार नाही, हे विश्वजित ओळखून चुकला. घमेली परत बुजवली, लांबी घासली, वर निळसर चंदेरी रंग चढला, आणि फुगवटे पूर्वीपेक्षा जास्तच चमकू लागले. त्याच्या हातात आता एकच उपाय उरला. त्यानं झेंडूची जाडजूड चादर विणून घेतली आणि लग्नादिवशी गाडीच्या मागं टपापासून खालपर्यंत सोडली.

जयसिंगपूरच्या हॉलसमोर मासा थांबला. स्वप्नाली उतरली, बायकांनी ओवाळलं, पोरं खवल्यांना हात लावून गेली. विश्वजित फेटा सावरत झेंडूच्या चादरीपाशी हात जोडून उभा होता आणि कुणी मागं यायला लागलं की हसत हसत आडवा येत होता. एवढ्यात काठी टेकत एक म्हातारा थेट गाडीमागं आला.

"पावणं, जरा सरका."

गुंडूआप्पाला नाही म्हणायची सोय नव्हती. विश्वजित सरकला. आप्पानं काठीच्या टोकानं चादर वर उचलली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"तवा हिरवी होती," तो म्हणाला.

"आप्पा, वडलांचा स्वभाव जरा..."

"सकाळी चहाला माणसं यायची माझ्याकडं. मला वाटायचं, माणसं जोडलीत आपण. हे बघाय यायची." त्यानं चादर खाली सोडली. "मी धंद्यापायी गाव सोडलं. पण तिकडं अजून म्हणत्यात, ढुंगणापायी सोडलं."

विश्वजितला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आप्पा मात्र चालायला लागला होता, गाडीच्या कडेनं, पुढं.

"तोंड कसलं हाय हिचं? मी कदी बघितलंच न्हाई."

पुढं जाऊन तो उभा राहिला. वासलेल्या जबड्यात त्यानं काठी घालून बघितली. खवल्यांवरून नख फिरवलं. दोन-चार खवल्यांनंतर त्याचा हात सावकाश झाला.

"एकेक ठोकलाय?"

"व्हय."

"हातानं?"

"व्हय. रविवारी. मी इवलासा हुतो, मला मोळे धरून उभं करायचे."

हे विश्वजितला बोलताना आठवलं. आप्पानं दार उघडलं आणि तो आत बसला. "चला, एक फेरी मारू. मुहूर्ताला टाइम हाय."

मुहूर्ताला मुळीच टाइम नव्हता, पण नवऱ्या मुलाच्या आज्जाला हे कोण सांगणार. स्टेअरिंगवर प्रसेनजीत होता. बाळाबाई लगबगीनं आली आणि मागच्या सीटवर चढली. "मी बी येते. ह्या माणसाला गाडीत बसलेलं बघायचंय मला." विश्वजित मोटारसायकलवरून मागोमाग निघाला.

इंजिनाची खात्री प्रसेनजीतनं बोट वर करून दिली होती. भर पेठेत, जिथं एक बैलगाडी, एक एसटी आणि साखर कारखान्याचा टँकर एकाच वेळी अडकू शकतात, तिथं मासा दोनदा खोकला आणि थांबला. मागं हॉर्नचा कल्लोळ उठला. उचक्यांनी झेंडूची चादर निसटली आणि रस्त्यावर पडली.

"साहेब, धक्का मारा," प्रसेनजीत खिडकीतनं ओरडला.

विश्वजित मागं आला आणि हात ठेवायला जागा शोधू लागला. नंबर प्लेट हलत होती. दिवे काचेचे होते. पराला हात पुरत नव्हता.

"घमेल्यांवर ठेवा. मजबूत हायत."

दोन्ही बाजूंची दुकानं बाहेर आली होती आणि प्रत्येक हातात मोबाइल होता. जरीचा फेटा बांधलेल्या वधूपित्यानं दोन्ही तळवे दोन्ही फुगवट्यांवर ठेवले आणि पाय रोवले.

"जोर लाव, विश्वा," बाळाबाईचा आवाज आला.

गाडी हातभर सरकली. काळा धूर थेट त्याच्या तोंडावर आला. फुटपाथवरच्या एका माणसानं मोबाइल खाली न घेता विचारलं, "पावणं, हे काय म्हणायचं?"

विश्वजितनं बाहीनं तोंड पुसलं. "मासा हाय. वडलांनी केलाय." मग जरा दम घेऊन म्हणाला, "मागनं काय बघताय, फुडं जाऊन बघा की." आणि त्यानं परत खांदा लावला.